चरबी दुखते का? डर्कमच्या आजाराचा शोध कसा लागला

रानजाई

गेले दोन महिने एका आजाराबद्दल मिळेल ते वाचते आहे. मराठीत वाचण्यासारखं काही हाती लागलं नाही, म्हणून हा धागा काढते आहे. थोडं मोठं होईल, सांभाळून घ्या.

सुरुवात मावशीपासून करते. मावशी आता बासष्ट वर्षांची आहे. पन्नाशीच्या सुमारास तिच्या दोन्ही दंडांत, मांड्यांच्या आतल्या अंगाला आणि कमरेभोवती गाठी यायला लागल्या. काही वाटाण्याएवढ्या, एक चांगली लिंबाएवढी. वरची कातडी अगदी साधी, लाली नाही, ताप नाही. पण हात म्हणून लावू देत नाही. ब्लाउजची बाही जरा घट्ट शिवली गेली तर दिवसभर दंड ठणकतो. दवाखान्यात बीपीचा पट्टा फुगायला लागला की तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहतं. नातू धावत येऊन मांडीवर बसतो तेव्हा ओठ मिटून घेते, पण त्याला उठवत नाही. हे मी जवळून पाहिलेलं आहे.

इतक्या वर्षांत चार डॉक्टर झाले. पहिल्याने सांगितलं, चरबीच्या गाठी आहेत, त्या दुखत नसतात. दुसर्‍याने सांगितलं, वजन उतरवा. तिने अकरा किलो उतरवलं. गाठी होत्या तिथेच राहिल्या, दुखणंही. तिसर्‍याने नातेवाइकांना बाजूला घेऊन विचारलं, घरात काही ताणतणाव आहे का? चौथ्या डॉक्टरबाईंनी मात्र मावशीला पलंगावर आडवं केलं, एकेक गाठ बोटांनी चाचपली, प्रत्येक ठिकाणी 'इथे? किती?' असं विचारलं आणि कागदावर एक नाव लिहून दिलं. अ‍ॅडिपोसिस डोलोरोसा. लॅटिनमध्ये अर्थ साधाच आहे, दुखरी चरबी.

मग मी या नावाचा माग काढत मागे मागे गेले आणि १८८८ सालच्या फिलाडेल्फियात पोहोचले.

फ्रान्सिस झेव्हियर डर्कम हा तिथलाच, जन्म १८५६ चा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १८७७ साली डॉक्टर झाला आणि मज्जातंतूंच्या विकारांकडे वळला. १८८८ साली त्याने एका रुग्णाची हकीकत छापली. एकावन्न वर्षांची आयरिश बाई. उजवा खांदा आणि दंड प्रचंड वाढलेला, पाठीवर दोन्ही बाजूंना फुगवटे, आणि त्या सगळ्यात जाळणार्‍या, चमका मारणार्‍या वेदना.

त्या वर्षी ही बाई दुसर्‍या कुणाकडे गेली असती, तर तिला काय सांगितलं गेलं असतं? एक तर, तू लठ्ठ आहेस. नाही तर, तुला मिक्सिडिमा आहे. मिक्सिडिमा म्हणजे थायरॉइड मंदावल्यामुळे शरीर फुगणं. तो तेव्हा नव्याने कळत होता. विल्यम गलने लंडनमध्ये १८७३ साली त्याच्या रुग्ण दाखवल्या, ऑर्डने १८७८ साली त्याला नाव दिलं आणि १८८८ साली लंडनच्या क्लिनिकल सोसायटीचा त्यावरचा मोठा अहवाल आला. सगळ्या डॉक्टरांच्या डोक्यात त्या वर्षी मिक्सिडिमाच होता. डर्कमच्याही होता. त्याच्या पहिल्या लेखाच्या मथळ्यातच 'मिक्सिडिमासारखी लक्षणं' असे शब्द आहेत.

पण तो तिथे थांबला नाही. चार वर्षांत आणखी दोन रुग्ण जमा झाल्या आणि १८९२ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ द मेडिकल सायन्सेस' मध्ये त्याने तिघींची हकीकत एकत्र मांडली. त्या लेखातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे तो एकेक शक्यता कशी बाजूला काढतो. त्याचा युक्तिवाद माझ्या शब्दांत असा: हा साधा लठ्ठपणा नाही, कारण मग या मज्जातंतूंच्या लक्षणांचं करायचं काय? आणि हा मिक्सिडिमाही नाही, कारण मिक्सिडिमाचा तो विशिष्ट चेहरा नाही, फावड्यासारखे रुंद झालेले हात नाहीत, कातडी जाड झालेली नाही, बोलणं जड झालेलं नाही. चेहरा आणि हातांचे पंजे तर या आजारातून सुटलेलेच असतात. सूज बोटाने दाबली तर खड्डा पडत नाही, म्हणजे पाणीही साठलेलं नाही. बोटांना काय लागतं? काही ठिकाणी गांडुळांचा पुंजका कातडीखाली धरल्यासारखं. मग उरतं काय? जागोजागी असमान साठलेली चरबी, आणि मज्जातंतू अधूनमधून चाळवल्यासारख्या वेदना. चरबीची सूज आणि वेदना ही दोन लक्षणं सगळ्यात ठळक, म्हणून नावही त्या दोन शब्दांचंच.

मावशीच्या दंडावर मी हात ठेवून पाहिला आहे. गांडुळांचा पुंजका हे वर्णन वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

मला या शोधात मोठं काय वाटतं ते सांगते. डर्कमकडे क्षकिरण नव्हते, ते १८९५ साली आले. सोनोग्राफी नव्हती, रक्ताची तपासणी अशी काही नव्हती. त्याच्याकडे बोटं होती आणि 'दुखतंय' हा शब्द खरा मानायची तयारी होती. तिघीही बायका. 'दुखणार्‍या बाईच्या मनातच काहीतरी असेल' हे उत्तर त्या काळी दवाखान्यात तयारच असायचं. त्याने वेदनेला शरीराचं लक्षण म्हणून नोंदवलं, आणि तेवढ्यामुळे एक नवा आजार दिसला. मावशीला पहिल्या तीन डॉक्टरांकडे हेच मिळालं नाही.

तुमच्यापैकी कुणी डॉक्टर असेल, कुणाच्या घरात असं काही असेल, तर लिहा.

काजूबी

छान लिहिलं आहेस रानजाई. एक शंका. माझ्या बाबांच्या पाठीवर आणि हातावर मिळून सहा-सात चरबीच्या गाठी आहेत, लिपोमा. एकही दुखत नाही. बाबा त्यांच्याशी चाळा करत बसतात. मग हे वेगळं कसं ओळखायचं? एक दुखरी लिपोमा असली तरी हेच म्हणायचं का?

ओपीडीतून

काजूबी, प्रश्न अगदी योग्य. मी जनरल मेडिसिनमध्ये आहे. सगळ्या नोकरीत हा आजार खात्रीने म्हणता येईल असा दोनदा पाहिला, म्हणून हे माझं विशेष क्षेत्र आहे असं समजू नका.

साधा लिपोमा बोटाखाली मऊ लागतो, इकडेतिकडे सरकतो आणि दुखत नाही. तुमच्या बाबांना तेच आहे. एखादी गाठ दुखत असेल तर पहिल्यांदा डोक्यात येतो अँजिओलिपोमा, म्हणजे चरबीच्या गाठीत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. तो बहुतेक तरुण माणसांच्या हातावर येतो, दाबल्यावर दुखतो, काढला की विषय संपतो. एकच गाठ नसेजवळ असली तरी दुखते. तेवढ्यावरून डर्कम म्हणत नाहीत.

डर्कममध्ये वेदना चिवट असते. तीन महिन्यांहून जास्त, बहुतेकांना वर्षानुवर्षं. काहींना वेगळ्या गाठी हाताला लागतात, काहींना गाठ अशी नसतेच, सगळी चरबीच हुळहुळी होते. काहींना फक्त गुडघ्याच्या किंवा कोपराच्या आसपासचा भाग दुखतो, आणि तो माणूस सांधेदुखी म्हणून फिरत राहतो. स्त्रियांमध्ये हा पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो, आणि बहुतेक पस्तीस ते पन्नास या वयात सुरू होतो. काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या आढळला आहे. १९६३ साली लिंच आणि हार्लन यांनी अशी कुटुंबं नोंदवली. म्हणून रानजाई, मावशीच्या बहिणींना आणि आईला सहज विचारून ठेवा.

आता पंचाईत कुठे आहे ते सांगतो. यासाठी एकही तपासणी अशी नाही की रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' येईल. गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पॅथॉलॉजिस्ट बहुतेक वेळा 'साधी चरबी' असंच लिहून पाठवतो. रक्त, थायरॉइड सगळं ठीक येतं. निदान होतं ते रुग्णाचं ऐकून, हाताने तपासून आणि इतर आजार बाजूला काढून. म्हणजे १८९२ साली जसं झालं, तसंच. आमच्या ओपीडीत एका रुग्णाला चार-पाच मिनिटं मिळतात. त्यात दंड चाचपायचे, मांड्या चाचपायच्या, हे होत नाही. मावशींच्या पहिल्या तीन डॉक्टरांची बाजू घेत नाही, पण चूक कुठे होते ते मला माझ्याच टेबलावर दिसतं.

आणखी दोन गोष्टींशी गल्लत होते. लिपिडिमा, म्हणजे दोन्ही पाय कमरेपासून घोट्यापर्यंत सारखे फुगतात, पावलं मात्र बारीक राहतात. हा अ‍ॅलन आणि हाइन्स यांनी मेयो क्लिनिकमधून १९४० साली मांडला. तोही दुखतो, म्हणून गोंधळ. दुसरा फायब्रोमायल्जिया. त्यात अंगभर दुखतं, पण स्नायू आणि सांध्यांच्या आसपास, चरबीत नव्हे.

आणि एक योगायोग. १८८८ याच वर्षी जर्मनीत ओटो माडेलुंग या सर्जनने मानेभोवती चरबीचा गळपट्टा साठलेल्या रुग्णांवर लेख लिहिला. बहुतेक पुरुष, बरेचसे दारू पिणारे, आणि त्या चरबीत वेदना जवळपास नाहीच. तोही आजार आजतागायत त्याच्या नावाने ओळखला जातो. एकाच साली, समुद्राच्या दोन बाजूंना, चरबीच्या दोन वेगळ्या तर्‍हा.

औदुंबर

मी आयुर्वेदाचा अभ्यासक. डॉक्टरसाहेबांचं वाचून सुश्रुत आठवला. निदानस्थानात ग्रंथींचं वर्णन आहे, त्यात मेदोज ग्रंथी, म्हणजे मेदापासून झालेली गाठ. शब्द असे आहेत: स्निग्ध, महान, अल्परुज, अतिकंडू. गुळगुळीत, मोठी, थोडी दुखणारी, खूप खाजणारी. शरीर वाढलं की ती वाढते आणि शरीर झडलं की ती झडते. फुटली तर तिळाच्या पेंडीसारखा, तुपासारखा मेद बाहेर येतो. साध्या चरबीच्या गाठीचं इतकं नेमकं वर्णन क्वचित सापडेल.

पण पाहा, 'अल्परुज'. आणि 'शरीर झडलं की झडते'. रानजाई, तुमच्या मावशींच्या बाबतीत दोन्ही लागू पडत नाहीत. वजन उतरलं, गाठी उतरल्या नाहीत. म्हणजे ही वेगळी वस्तू आहे हे आपल्या जुन्या वर्णनाशी ताडून पाहिलं तरी कळतं. माझ्या व्यवसायातले काही जण अशा रुग्णांना सरसकट मेदोहर औषधं आणि उपवास सांगतात. कृपा करून नुसत्या अंदाजावर तसं काही सुरू करू नका.

रानजाई

औदुंबर, फार आभार. 'अल्परुज' वाचून थबकलेच. चरबी दुखत नाही ही समजूत किती जुनी आहे! आणि बहुतेक वेळा ती खरीही आहे, म्हणूनच जिथे खरी नाही तिथे कुणाचं लक्ष जात नाही.

ओपीडीतून, आईला विचारलं. ती म्हणाली, आजीच्या दंडांतही 'गोळे' होते. दुखायचे का, ते कुणाला माहीत नाही. आजीने कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

शाळूरंग

डर्कमबद्दल थोडी भर. मी छायाचित्रणाच्या वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचलो होतो, या आजाराचं मला काहीच ठाऊक नव्हतं.

घोडा धावताना चारही पाय एकदम हवेत असतात का, हे फोटोंनी सिद्ध करणारा एडवर्ड मायब्रिज पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आला. १८८५ साली तिथे त्याने रांगेने कॅमेरे लावून माणसांच्या, प्राण्यांच्या हालचाली टिपल्या. १८८७ साली ते सगळं ७८१ फलकांत छापलं गेलं. त्यातले काही फलक रुग्णांचे आहेत, लंगडणारे, झटके येणारे, तोल जाणारे. हे रुग्ण मायब्रिजसमोर आणणारा डॉक्टर म्हणजे हाच डर्कम. एक पाऊल टाकताना पाय कुठे अडतो, गुडघा कधी वळतो, हे तो फोटोंच्या पट्टीवर क्षणाक्षणाने वाचायचा.

ते फलक मी तासन् तास पाहिले आहेत. उघड्या अंगाने चालणारी ती माणसं. त्यांना कुणी विचारलं होतं का, असा प्रश्न पडतो. यातल्या काही प्रयोगांत तर एका बाईच्या अंगात मुद्दाम झटके आणून त्यांचे फोटो घेतले. म्हणून डर्कमला देवमाणूस करू नये असं मला वाटतं. पण एक मान्य. हा माणूस बघण्यात मुरलेला होता. डोळ्यांनी इतकं बघणार्‍याने तीन वर्षांनी बोटांनी बघितलं आणि जे दिसत नाही ते लिहून ठेवलं.

पुढे तो मोठा माणूस झाला. १९१९ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघात झाला तेव्हा फिलाडेल्फियाहून बोलावलेला मेंदूविकारतज्ज्ञ डर्कमच होता.

फिलीकर

मी पंधरा वर्षं फिलाडेल्फियात आहे, म्हणून लिहायचा मोह आवरत नाही.

डर्कम ज्या ब्लॉकली रुग्णालयात काम करायचा ते शहराचं गरिबांसाठीचं रुग्णालय, अनाथ-अपंगांच्या आश्रयगृहाला जोडलेलं. पुढे त्याचं फिलाडेल्फिया जनरल हॉस्पिटल झालं आणि १९७७ साली ते बंद पडलं. ती जागा आता विद्यापीठाच्या वैद्यकीय इमारतींनी भरली आहे. मी रोज तिथून ट्रॉलीने जाते.

पण एक गोष्ट या धाग्यात यायला हवी. हे शहर वेदना ऐकण्यात आधीपासून पुढे होतं. यादवी युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना मज्जातंतूंच्या दुखापतींसाठी इथल्याच टर्नर्स लेन रुग्णालयात ठेवायचे. सायलस वेअर मिचेल, मोरहाउस आणि कीन या तिघांनी त्यांच्या नोंदी १८६४ साली छापल्या. गोळी बाहेर निघालेली, जखम भरलेली, आणि तरी हात निखार्‍यावर धरल्यासारखा जळतो आहे! सैनिक ओला फडका हातावर गुंडाळून बसायचे. त्या वेदनेला मिचेलने कॉझॅल्जिया हे नाव दिलं, जळती वेदना. बाहेरून काही दिसत नसताना आतून जळू शकतं, आणि तो कांगावा नव्हे, हे या शहरातल्या डॉक्टरांच्या एका पिढीने शिकून ठेवलं होतं. डर्कम त्यांच्यानंतरच्या पिढीतला. आयरिश बाईच्या दंडातली आग त्याला ओळखीची वाटली असणार, असं मला मनापासून वाटतं.

मात्र सैनिकांचं ऐकणारे हेच मिचेल थकलेल्या, दुखणार्‍या बायकांना सक्तीची विश्रांती सांगायचे. अंथरुणावर पडून राहा, दूध प्या, वाचू नका, लिहू नका. म्हणजे ऐकणं सर्वांच्या वाट्याला सारखं येत नव्हतं. रानजाई म्हणते ते मला याच्यामुळे जास्त पटतं. डर्कमने तीन बायकांचं दुखणं मज्जातंतूंच्या खात्यात नोंदवलं, हे त्या शहरातही आपोआप होणारं नव्हतं.

आणि इथे आनंदीबाई जोशींची आठवण आल्याशिवाय राहत नाही. १८८३ ते १८८६ त्या अमेरिकेत होत्या, याच शहरातल्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या. मायब्रिज आणि डर्कम फोटो काढत होते त्या उन्हाळ्यात आनंदीबाई शेवटच्या वर्षाच्या तोंडावर होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बावीस पूर्ण व्हायच्या आत. संबंध एवढाच, की तेच शहर आणि तीच वर्षं. पण बायकांचं दुखणं बाईनेच ऐकलं पाहिजे म्हणून समुद्र ओलांडून आलेली आपली मुलगी त्याच हवेत शिकत होती, हे मला विसरता येत नाही.

समईची वात

सगळे प्रतिसाद वाचले. मी समुपदेशनाचं काम करते. एका गोष्टीवर बोलते, राग मानू नकोस रानजाई. तिसर्‍या डॉक्टरांनी ताणतणावाबद्दल विचारलं याचा तुला सल आहे. पण माझ्याकडे वर्षानुवर्षं दुखणं सोसणार्‍या बायका येतात. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, मन खचलेलं. त्यांना आमच्या मदतीने खरंच बरं वाटतं. मनाच्या डॉक्टरकडे पाठवणं म्हणजे अपमान, असं या धाग्यातून कुणी समजू नये.

रानजाई

समईची वात, राग कसला. तुमचं म्हणणं अर्धं मला शंभर टक्के मान्य आहे. मावशी स्वतःच म्हणते, दुखून दुखून जीव विटला. तिला बोलायला कुणी मिळालं तर हवंच आहे.

माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. त्या डॉक्टरांनी गाठीला हात लावायच्या आधी तणावाचं विचारलं. आणि याला या आजाराच्या इतिहासातच एक धागा आहे, तो मी मुख्य लेखात लांबेल म्हणून सोडला होता, आता लिहिते.

डर्कमच्या १८९२ च्या लेखाच्या मथळ्यात 'विशेष नर्व्हस लक्षणं' असे शब्द आहेत. तिथे नर्व्हस म्हणजे नर्व्ह्सची, मज्जातंतूंची. घाबरटपणाची नव्हेत. १९०१ साली व्हितो या फ्रेंच डॉक्टरने आजाराची चार मुख्य लक्षणं ठरवून दिली: दुखर्‍या चरबीच्या गाठी, लठ्ठपणा, अशक्तपणा आणि चौथं मानसिक बिघाड. पुस्तकांनी ही चार लक्षणं उचलली आणि शंभर वर्षं तशीच छापली. त्याचा परिणाम असा, की ज्या आजाराची ओळख 'ही वेदना शरीरात आहे' या वाक्याने पटली, त्याच्याच लक्षणांच्या यादीत 'मन बिघडलेलं' हे कायमचं जाऊन बसलं. दहा वर्षं ठणका सोसल्यावर कुणाचं मन ताळ्यावर राहील? ते लक्षण आहे की परिणाम, हे विचारायला फार वेळ लागला. २०१२ साली स्वीडनच्या एमा हानसोन आणि सहकार्‍यांनी निदानाचे नवे निकष सुचवले. त्यात दोनच गोष्टी ठेवल्या: वाढलेलं वजन आणि चरबीत तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेली वेदना. एकशेवीस वर्षांनी फिरून तिथेच, चरबी आणि वेदना.

कारण मात्र हाती लागलेलं नाही. डर्कमने थायरॉइडवर संशय घेतला, शवविच्छेदनांत तिथे बिघाडही दिसले. १८९१ साली मरेने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क देऊन मिक्सिडिमाची रुग्ण सुधारून दाखवली होती, त्यामुळे या बायकांनाही तो अर्क देऊन बघितला गेला. १९०२ मध्ये डर्कम आणि मॅकार्थी यांनी एका शवविच्छेदनात पिट्युटरीत, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीत, गाठ पाहिली, मग तिकडे बोट गेलं. नंतर चरबीची चयापचय, नंतर दाह, नंतर लसिका. प्रत्येक पिढीला त्या पिढीत जे नवं कळलं ते इथे लावून बघावंसं वाटलं.

मोगरीचा वेल

बर्‍याच दिवसांनी लॉगइन केलं, फक्त या धाग्यासाठी. मला हा आजार आहे. चव्वेचाळीस वय, निदान होऊन तीन वर्षं.

रानजाईच्या मावशींना माझा नमस्कार सांगा. बीपीच्या पट्ट्याचं वाचलं आणि रडू आलं. मला वाटायचं हे माझंच वेड आहे. बसमध्ये गर्दीत कुणाचं कोपर कमरेला लागलं तर डोळ्यांपुढे काजवे. रात्री कुशीवर वळायचं तर आधी उशी मांडीखाली, मग हळूच वळायचं.

सांगायचं ते हे. डॉक्टरांनी विचारलं, कसं दुखतं? मी म्हटलं, खूप. ते म्हणाले, खूप नाही, कसं. मग मी आठवडाभर बघितलं आणि आपल्या भाषेत लिहून काढलं. दंडात ठणका. मांडीत आग. कमरेला हात लागला की कळ, थेट पोटापर्यंत. बरगडीखालची गाठ पिकल्या फोडासारखी ठसठसते. पाठीत चमक येते आणि जाते. थंडीत सगळंच हुळहुळं. तो कागद वाचून डॉक्टर म्हणाले, आता मला कळलं. आग आणि चमक असेल तर औषध मज्जातंतूंच्या दुखण्यासारखं, ठणका असेल तर वेगळं. मला प्रीगॅबॅलिनने आग कमी झाली, ठणका तसाच आहे.

शिरेतून लिडोकेन, म्हणजे बधिर करायचं औषध, देतात असं वाचलं होतं, १९८० नंतर युरोपातल्या डॉक्टरांनी त्याने आराम पडल्याचं छापलं आहे. मला रुग्णालयात मॉनिटर लावून दोनदा दिलं. पहिल्यांदा तीन आठवडे हलकं वाटलं, दुसर्‍यांदा जेमतेम आठवडा. स्वीडनमध्ये चरबी ओढून काढायची शस्त्रक्रिया करतात, त्यानेही काहींचं दुखणं उतरतं, पण ती मी केलेली नाही. मुळापासून बरं करणारं काही नाही. हे स्वीकारायला मला वर्ष लागलं.

एक गाठ काढून घेतली होती, निदानाच्या आधी. तिथे परत आली नाही, शेजारी दोन आल्या.

ओपीडीतून

मोगरीचा वेल, तुमचा तो कागदाचा मुद्दा मी उद्यापासून वापरणार. पेशंटला एक ते दहा आकडा विचारायची आम्हाला सवय. ठणका, कळ, आग, सल, ठसठस, चमक यातला प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळीकडे नेतो आणि आपल्या आजीबाया ते शब्द अचूक वापरतात. आम्हीच केसपेपरवर इंग्रजीत 'पेन' लिहून टाकतो. डर्कमच्या नोंदीत जळणारी आणि चमकणारी असे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगीच नाहीत.

लिडोकेनचं कुणी घरगुती पातळीवर मनावर घेऊ नका, हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवूनच ते द्यायचं असतं.

काजूबी

डर्कमचं पुढे काय झालं?

शाळूरंग

जेफरसन मेडिकल कॉलेजात प्राध्यापक झाला, १८९२ पासून. नंतर अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीचा अध्यक्ष. २३ एप्रिल १९३१ ला सोसायटीच्या सभेत अध्यक्षाच्या खुर्चीवर असतानाच गेला.

फिलीकर

आणि त्या एकावन्न वर्षांच्या आयरिश बाईचं नाव आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. आजाराला नाव डॉक्टरचं मिळालं. दंड तिचा होता.

रानजाई

फिलीकर, मी हेच मनात घोळवत होते.

मोगरीचा वेल, तुमचा प्रतिसाद मावशीला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, वही आण. नातवाची चौकटीची वही घेतली, त्यात मी बाईच्या अंगाची आकृती काढली, पुढून एक, मागून एक. मावशी बोट ठेवत गेली आणि मी लिहीत गेले. डावा दंड, वाटाणा, ठणका. उजवा दंड, लिंबू, आग. डाव्या मांडीत तीन, शेंगदाण्याएवढ्या, हात लागला तरच. कमरेपाशी थांबली, म्हणाली, इथलं मी कुणाला सांगितलं नव्हतं, इथे खाली वाकलं की सल येतो. एकूण एकोणीस जागा निघाल्या. आम्ही आजवर सात धरून चाललो होतो.

गुरुवारी त्या चौथ्या डॉक्टरबाईंकडे जायचं आहे. वही बरोबर नेते आहे. काय म्हणाल्या ते इथे लिहीन.